बालातिसारात प्रथम जल : उपनगरांतील वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

वर्षाऋतूत अग्नी मंद होतो, जल अम्लविपाकी बनते आणि वातादी दोष प्रकुपित होतात, असे ऋतुचर्येच्या प्रकरणात आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचले आहे. मुंबईच्या उपनगरांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास त्याचा प्रत्यय दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात येतो. घाटकोपरचे असल्फा असो वा अंधेरीचे साकीनाका, मुलुंडच्या डोंगराकडील वस्त्या असोत वा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाडे, पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर दवाखान्याच्या बाकावर अतिसाराने मलूल झालेली बालके दिसू लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे काही आठवडे ज्यांनी उपनगरांत रुग्णसेवा केली, त्यांना या व्याधीचे उग्र रूप वेगळे सांगावयास नको.

बालातिसाराचे निदान व चिकित्सा या विषयावर विपुल लेखन झाले आहे. त्याची पुनरावृत्ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या उपायाने या व्याधीतील बहुतेक मृत्यू टळू शकतात तो उपाय स्वस्त आहे, सर्वत्र उपलब्ध आहे आणि आपल्याला माहीतही आहे. असे असूनही तो प्रत्येक बालकापर्यंत का पोहोचत नाही, आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांखालील सुमारे ४ लक्ष ४४ हजार बालके जगात दरवर्षी अतिसाराने दगावतात. एक महिना ते पाच वर्षे या वयातील मृत्यूंच्या कारणांत अतिसाराचा क्रमांक तिसरा लागतो. आपल्या देशातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पाहणीपूर्वीच्या दोन आठवड्यांत अतिसार झालेल्या बालकांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्यांपैकी जलसंजीवनी अर्थात ओ.आर.एस. मिळालेली बालके ६०.६ टक्के होती, तर झिंक मिळालेली केवळ ३०.५ टक्के. चौथ्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हेच आकडे अनुक्रमे ५०.६ व २०.३ टक्के होते. प्रगती झाली हे खरे. परंतु दहांपैकी चार बालकांना जलसंजीवनी मिळाली नाही आणि सातांना झिंक मिळाले नाही, हेही तितकेच खरे आहे.

यात विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, याच सर्वेक्षणानुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांना कोणत्या ना कोणत्या आरोग्यसेवेकडे नेण्यात आले होते. म्हणजे बालके उपचारकांच्या दारापर्यंत येतात. त्यांतील कित्येक त्या दारातून योग्य औषधाविना परत जातात.

२. दार कोणाचे उघडे असते?

मुंबईसारख्या महानगरात आरोग्यसेवा दूर आहे असे म्हणता येत नाही. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, बोरिवलीला भगवती, विलेपार्ले-जुहू परिसरात कूपर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. विभागवार आरोग्य केंद्रे व दवाखाने आहेत, अंगणवाड्या आहेत, आणि २०२२ पासून 'आपला दवाखाना' ही योजनाही सुरू झाली. जलसंजीवनीच्या पुड्या शासकीय यंत्रणेत विनामूल्य मिळतात.

तथापि अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. डोंगरावरील खोलीतून आजारी मूल कडेवर घेऊन पायऱ्या उतरणे, सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावणे आणि त्यासाठी धुण्याभांड्याच्या कामाचा एक दिवस बुडविणे, ही घरकाम करणाऱ्या मातेच्या दृष्टीने मोठी किंमत असते. मुलाचे जुलाब बहुधा रात्री वाढतात. त्या वेळी वस्तीच्या तोंडाशी उघडी असणारी दारे दोनच असतात : आपला दवाखाना, नाहीतर औषधांचे दुकान. मातेच्या दृष्टीने तेच आरोग्यकेंद्र होय, हे आपण मानले पाहिजे.

रोगाचे मूळ पाण्यात आहे हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. भांडुपच्या संकुलातून शुद्ध होऊन निघालेले पाणी वस्तीतील शेवटच्या नळापर्यंत शुद्धच पोहोचते असे नाही. पुरवठा दिवसातून ठराविक तासच असल्याने उरलेल्या वेळी नलिकेतील दाब नाहीसा होतो आणि गटारालगतच्या गळक्या जोडातून मलिन पाणी आत ओढले जाते. नळ आल्यावर प्रथम येणारे गढूळ पाणी ते हेच. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्त्यांतील रहिवाशांनाही पाणी मिळण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला आणि २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण अंगीकारले. ते काम दीर्घकाळाचे आहे. तोपर्यंत पिंपात साठविलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या बालकाला अतिसार होत राहणार, हे गृहीत धरूनच आपण सिद्ध असले पाहिजे.

३. संप्राप्तीतच उत्तर आहे

काही वैद्यबंधू जलसंजीवनीकडे 'परकीय शास्त्राची पुडी' म्हणून पाहतात. त्यांनी अतिसाराची संप्राप्ती पुन्हा एकदा आठवावी. शरीरातील अप् धातू प्रवृद्ध होऊन अग्नीला मंद करतो, पुरीषाशी मिश्रित होतो आणि वायूने अधोमार्गाने प्रेरित होऊन अतिमात्र बाहेर पडतो, असे सुश्रुत व माधव यांचे प्रतिपादन आहे. उदकवह स्रोतसांच्या दुष्टीची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी विमानस्थानात जिव्हा, तालू, ओष्ठ व कंठ यांचा शोष आणि अतिप्रवृद्ध तृष्णा यांचा निर्देश केला आहे. जलक्षय झालेल्या बालकाचे हेच चित्र आपण रोज पाहतो. जे बाहेर गेले ते भरून काढणे ही कोणत्याही चिकित्सापद्धतीची पहिली पायरी होय.

मात्र नुसत्या पाण्याने ही भर निघत नाही. आतड्याच्या भित्तीतून ग्लुकोज शोषले जाताना त्याच्यासमवेत सोडियम आत जाते, आणि या दोहोंच्या मागोमाग पाणी जाते. ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली. बहुतेक अतिसारांत आतड्याचे इतर व्यापार बिघडले तरी हा मार्ग कार्यक्षम राहतो. म्हणूनच तोंडावाटे दिलेले द्रव शरीरात मुरते. २००२ मध्ये निश्चित झालेल्या व आज प्रचलित असलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम द्रव्य असते. ग्लुकोज व सोडियम यांचे प्रमाण यात समसमान, म्हणजे लिटरला ७५ मिलिमोल असते. साखर वाढविली तर आतड्यात उलट पाणी ओढले जाते व जुलाब वाढतात. मीठ वाढले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. प्रमाण हाच या औषधाचा आत्मा आहे.

४. एक विस्मृत संदर्भ

या औषधाचा इतिहास आपल्याच देशात घडला, हे अनेकांना ज्ञात नसते. १९५३ मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांवर केलेल्या उपचारांची माहिती 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांनी मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण पाजले आणि जोडीला एका वनस्पतीच्या पानांचा रस वापरला. ती वनस्पती म्हणजे कोलियस अ‍ॅरोमॅटिकस. आपल्याकडे घरोघरी कुंडीत वाढणारा पानओवा तो हाच. वनौषधी व लवण-शर्करोदक यांचा संयोग करणाऱ्या या प्रयत्नाकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेवाटे द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या, त्यांचे द्रावण पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास शिकविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. या कार्याबद्दल त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. परिचारिका नाहीत, खाटा नाहीत, सलाइन नाही, अशा ठिकाणी रुग्णाच्या आईच्या हातातील पेल्याने जीव वाचविले. वस्तीच्या तोंडाशी दवाखाना थाटून बसलेल्या आपणा सर्वांस यातून घ्यावयाचा बोध उघड आहे.

५. माहीत असूनही दिले का जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक महत्त्वाचे संशोधन २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कर्नाटक व बिहार या राज्यांतील २५३ मध्यम शहरांतील दोन हजारांहून अधिक खाजगी उपचारक त्यात अभ्यासले गेले. दोन वर्षांच्या अतिसारग्रस्त बालकाचे पालक म्हणून प्रशिक्षित व्यक्ती त्यांच्याकडे पाठविण्यात आल्या. जलसंजीवनी न देण्यामागे औषधसाठा नसणे हे कारण अवघे ६ टक्के आणि आर्थिक लाभाचे कारण ५ टक्के आढळले. सर्वांत मोठे कारण, ४२ टक्के, वेगळेच निघाले : 'रुग्णाला ही पुडी नको असते' हा उपचारकाचा समज. प्रत्यक्षात पालकांची तशी नापसंती नव्हती. पालकाने आपणहून जलसंजीवनीचा विषय काढताच ती देण्याचे प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढले. औषधांच्या दुकानांत मात्र आर्थिक हिशेबाचाही परिणाम दिसला, हे आपल्या औषधविक्रेत्या सभासदांनी मोकळेपणाने विचारात घ्यावे.

हा समज आपल्यातही आहे, याची कबुली देणे इष्ट. 'वैद्यांकडे जाऊन नुसती पुडीच मिळाली' असे रुग्ण म्हणेल, दक्षिणा देताना कुरकुरेल, पुढच्या वेळी शेजारच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यावयास जाईल, अशी भीती प्रत्येकाच्या मनात कोठेतरी असते. त्यामुळे पुडीचा उल्लेख चिठ्ठीच्या शेवटी, ओझरता होतो.

या संदर्भात माझा एक अनुभव नमूद करतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी असल्फ्याच्या डोंगरावरून एक माता पंधरा महिन्यांच्या मुलास घेऊन आली. दोन दिवसांचा द्रवमल अतिसार, मंद ज्वर, तृष्णा. मी बालचतुर्भद्र चूर्णाचे चाटण व कुटजाचा कल्प दिला, अनुपान व वेळा सविस्तर समजावल्या आणि ती उठता उठता "पावडरची पुडी आणून पाण्यातून द्या" असे सांगितले. तिने ती आज्ञेप्रमाणे आणली. एक लिटरची पुडी तिने पेलाभर पाण्यात कालविली. मुलाने दोन घोट घेऊन ते खारट पाणी ओकून टाकले. तिने पुडी बंद केली, चाटण मात्र नेमाने चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मूल आणले तेव्हा डोळे खोल गेले होते, पोटाची त्वचा चिमटीतून सोडल्यावर तशीच उभी राहत होती. महापालिकेच्या रुग्णालयात तत्काळ सलाइन मिळाल्याने ते वाचले. आठवड्याने ती माता मुद्दाम दाखवावयास आली तेव्हा सहज म्हणाली, "डॉक्टर, चाटणाचं तुम्ही नीट समजावलंत, पुडीचं काहीच बोलला नाहीत." त्या वाक्यात दोष देण्याचा हेतू नव्हता, म्हणूनच ते माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही. त्या दिवसापासून माझ्या मेजावर एक लिटरचे मापाचे भांडे व चमचा कायम असतो, आणि पहिली पुडी मी मातेच्या हातूनच कालवून घेतो.

६. परीक्षण व मात्रा

दवाखान्यात बालक येताच औषधयोजनेपूर्वी जलक्षयाची अवस्था ठरवावी. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत : बालकाची वृत्ती, डोळे, पिण्याची रीत व त्वचेची चिमटी.

(अ) बालक सावध आहे, डोळे नेहमीसारखे आहेत, चिमटी सोडताच त्वचा पूर्ववत होते : जलक्षय नाही. घरी उपचार करावा. प्रत्येक द्रवमलप्रवृत्तीनंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यावरील वयाच्या बालकास १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी.

(आ) बालक चिडचिडे व अस्वस्थ आहे, डोळे खोल गेले आहेत, अधाशीपणे पिते, त्वचा सावकाश पूर्ववत होते, यांपैकी दोन लक्षणे असल्यास : मध्यम जलक्षय. वजनाच्या प्रत्येक किलोस ७५ मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत जलसंजीवनी द्यावी. म्हणजे १० किलोच्या बालकास ७५० मिलिलिटर. हे चार तास बालकास दवाखान्यातच बसवून ठेवावे व पुन्हा तपासावे.

(इ) बालक सुस्त वा बेशुद्ध आहे, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेले आहेत, त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंद वा अधिक लागतात, यांपैकी दोन लक्षणे असल्यास : तीव्र जलक्षय. शिरेवाटे सलाइन हाच उपाय. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे, आणि बालक गिळू शकत असल्यास वाटेतही घोट घोट जलसंजीवनी पाजावी.

मलातून रक्त जाणे, उलट्या न थांबणे, तीव्र ज्वर, दोन महिन्यांखालील वय, अति कृशता, किंवा १४ दिवसांहून अधिक काळ चाललेला अतिसार, यांपैकी काहीही आढळल्यास जलक्षय नसला तरी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. असे पाठविण्याने वैद्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वस्तीचा विश्वास वाढतो.

बालकाने ओकल्यास दहा मिनिटे थांबावे, नंतर दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे पुन्हा आरंभ करावा. कालविलेले द्रावण झाकून ठेवावे व २४ तासांनंतर टाकून द्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले द्रावण द्यावे. चमचा चहाचा असावा आणि चव अश्रूंहून खारट लागू नये.

झिंकचे महत्त्व अद्याप पुरेसे रुजलेले नाही. दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम व सहा महिन्यांवरील बालकास पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, याप्रमाणे १४ दिवस द्यावे. जुलाब थांबले तरी मात्रा पूर्ण करावी. याने आजाराचा काळ घटतो आणि पुढील दोन-तीन महिन्यांत पुन्हा अतिसार होण्याची शक्यता कमी होते.

७. आयुर्वेदीय औषधयोजनेतील विवेक

जलसंजीवनी दिली म्हणजे आपले शास्त्र बाजूला ठेवले असे होत नाही. उलट अतिसारचिकित्सेचा आपला मूलभूत सिद्धांत येथे अधिकच उजळून दिसतो. आमावस्थेत प्रारंभीच संग्राही औषध देऊ नये, कारण रोखलेले दोष अनेक व्याधी उत्पन्न करतात, असे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात बजावले आहे. आतड्याची गती थांबविणारी लोपरामाइड, डायफेनॉक्सिलेट यांसारखी औषधे बालकांना देऊ नयेत, हे आधुनिक वैद्यकाचेही मत आहे, आणि केंद्र शासनाने त्यांच्या बालकांसाठीच्या मात्रांवर बंदीही घातली आहे.

मग आपल्याच कपाटातील अहिफेनयुक्त कल्पांचे काय? कर्पूररस, अहिफेनासव हे कल्प प्रौढांत विवेकाने वापरले जातात. बालकांत ते वर्ज्यच मानावेत. अहिफेनाने जुलाब थांबल्यासारखे दिसतात, परंतु आतड्यात द्रव साठत राहते, बालक गुंगते आणि श्वसन मंदावते. गुंगलेले बालक पीत नाही आणि आईला मात्र ते शांत झोपले आहे असे वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता अर्भकांना अफूची 'बाळगोळी' देत असत. तिचे दुष्परिणाम या शहराने भोगले आहेत. संजीवनी वटीत भल्लातक व वत्सनाभ आहेत, तर आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, याचेही अर्भकांच्या बाबतीत स्मरण ठेवावे.

मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, वाळा व शुंठी यांनी सिद्ध षडंगोदक तृष्णेत उपयुक्त आहे; परंतु त्यात लवण नसल्याने ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. ते तिच्या जोडीने, अल्प प्रमाणात द्यावे. बिल्वाचे कोवळे फळच अतिसारात ग्राह्य आहे, पक्व फळ पचनास जड होय. बालचतुर्भद्र चूर्ण मधातून देण्याचा प्रघात आहे. परंतु एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर विकार संभवतो. अशा वेळी मातेचे दूध हे अनुपान योजावे. बाळगुटीचा प्रश्नही असाच आहे. मुरुडशेंग वा जायफळ यांहून ज्या सहाणेवर ती उगाळली जाते ती सहाण व ते पाणी किती स्वच्छ आहे, हे अधिक महत्त्वाचे.

लंघनाविषयी मोठा गैरसमज आहे. शरीरात लाघव आणते ते लंघन, अशी चरकाचार्यांची व्याख्या आहे. ते म्हणजे केवळ उपवास नव्हे. क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद या बालकाच्या तीन अवस्था लक्षात घेता क्षीराद बालकाचे स्तन्यपान एक वेळही थांबवू नये. इतरांना लाजामंड, पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताजे ताक, केळे असा लघु आहार थोडा थोडा द्यावा व आजारानंतर काही दिवस एक वेळचे खाणे वाढवावे.

घरगुती समजुतींचा परिहारही आपल्याच शब्दाने होऊ शकतो. 'दात येताना जुलाब व्हायचेच' या समजुतीपायी दोन दिवस वाया जातात. 'टाळू बसली' म्हणून तेल भरत बसतात. वस्तुतः टाळू खोल जाणे हे जलक्षयाचे लक्षण आहे. 'तेल नंतर भरा, आधी पाणी पाजा' एवढे सांगितले तरी माता ऐकते. तिच्या समजुतीची थट्टा करू नये.

८. औषधविक्रेत्या सभासदांस

"जुलाबाची गोळी द्या" अशी मागणी आल्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा : "कोणासाठी? मोठ्या माणसासाठी की मुलासाठी?" मुलासाठी असल्यास गोळी न देता जलसंजीवनी व झिंक द्यावे. त्यासाठी चिठ्ठीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाण्यासारख्या जुलाबांत प्रतिजैविकांचा बहुधा उपयोग नसतो. ती काउंटरवरून देऊ नयेत.

पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, हे देताना स्पष्ट सांगावे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन माप म्हणून वापरावी, असे सुचविणे सर्वांत सोपे.

'ओ.आर.एस.' या अक्षरांचा आधार घेऊन विकली जाणारी गोड पेये हा अलीकडील मोठा प्रश्न होता. त्यांत साखर प्रमाणाहून कितीतरी अधिक असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरीही आपल्या फडताळातील प्रत्येक खोका व पुडी आपण स्वतः वाचावी. वर दिलेली चार द्रव्ये व त्यांची प्रमाणे ज्यावर छापलेली आहेत तेच औषध. इतर सर्व सरबत. रडणाऱ्या मुलासाठी घाबरलेला बाप रंगीत खोक्याकडे बोट दाखवील. त्याला परावृत्त करण्यात विक्रीचे चार रुपये कमी मिळतील, परंतु ते गिऱ्हाईक आयुष्यभराचे होईल.

९. समारोप

अर्भकांना सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे दिली जाणारी रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. तिच्याविषयी मातेस विचारणे हेही आपले काम आहे. शासनाची अतिसारविरोधी मोहीम २०१४ पासून दरवर्षी पावसाळ्यात राबविली जाते. त्या काळात आपल्या विभागाच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधून पुड्यांचा साठा आपल्या दवाखान्यात ठेवता येईल का, याची चौकशी शाखांनी अवश्य करावी.

सभासदांपुढे माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या वर्षाऋतूपूर्वी प्रत्येकाने आपल्या मेजावर वा काउंटरवर एक लिटरचे मापाचे भांडे, एक चमचा, जलसंजीवनीच्या पुड्या व झिंकच्या गोळ्या ठेवाव्यात. अतिसाराचे बालक आले की चूर्ण, वटी, चाटण यांपूर्वी ती पुडी मातेच्या हातून कालवून घ्यावी आणि पहिले चार चमचे आपल्यासमोर पाजावयास लावावे. यास दहा मिनिटे लागतात. या दहा मिनिटांचे मोल रुग्ण देईल की नाही, ही शंका वर उल्लेखिलेल्या संशोधनाने बव्हंशी दूर केली आहे. मातेला पुडी हवी असते. ती कशी द्यावयाची हे तिला कोणीतरी आस्थेने सांगावयास हवे असते.